हाटकेशचा फॉन्ड्यू

फॉन्ड्यू म्हणजे वाइन घालून वितळवलेल्या चीजचं स्विस पिठलं. वाइनमध्ये शिजवलेल्या चीजची कृती झुरिकच्या १६९९च्या एका पाकपुस्तकात आहे. त्याला राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवलं मात्र १९३०च्या दशकात, स्विस चीजवाल्यांच्या संघाने. चीज खपवायचं होतं.

मीरा रोडच्या हाटकेशमध्ये फॉन्ड्यूचा मुहूर्त जानेवारीत निघतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेव्हापासून या भागातली थंडी मानण्यावर आहे. पारा १८वर आला की मीरा रोडला स्वेटर निघतात आणि पंखा दोनवर येतो. फॉन्ड्यूच्या वेळी तो बंदच ठेवावा लागतो, नाहीतर पातेल्याखालची मेणबत्ती विझते. मग स्वेटर उतरतात.

एका प्रचलित स्विस कृतीत ग्रुयेर आणि व्हाशरँ ही चीज निम्मी-निम्मी असतात. ग्रुयेर करताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पाहुण्यांत शेजारचं जैन कुटुंब असलं की कोणतं चीज घ्यायचं हा वाद तिथेच मिटतो आणि हिरव्या ठिपक्याचं प्रोसेस्ड चीज येतं. भांड्याला चोळायची लसणाची पाकळी बाद, वाइनच्या जागी दूध. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर क्षार आधीच असतात. त्यामुळे ते फारसं तेल न सोडता वितळतं आणि नवशिक्याचीही अब्रू राहते. लादीपाव भिजून पातेल्यात जलसमाधी घेतो. कडक ब्रूनचे, कडेची साल राखून केलेले तुकडे काट्यावर टिकतात.

खरी अडचण उष्ट्याची. स्विस मंडळी एकाच भांड्यात काटे बुडवतात. काट्याला ओठ न लावता दातांनी घास ओढायचा, एवढंच त्यांचं सोवळं. घरातली आजी हा प्रकार एकदाच पाहते आणि डाव मागवते. वाट्यांत वाढून झालं की फॉन्ड्यूचं रीतसर पिठलं होतं आणि कोणीतरी ठेचा मागतं.

तळाला धरलेल्या कुरकुरीत थराला फ्रेंचभाषक स्विस ‘रलिज्यूज’ म्हणतात, म्हणजे जोगीण. मराठीत ती खरवड. तिच्यासाठी चमचे एकमेकांवर आपटतात, त्यात आजीचाही असतो, आणि उष्ट्याचा विषय कोणी काढत नाही.

पातेलं रात्रभर गार पाण्यात भिजत घालावं. गरम पाण्याने चीज आणखी चिकटतं, आणि सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं स्वित्झर्लंडशी काही देणंघेणं नसतं.