नियमित म्हणे!

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात 'आब्लार', म्हणजे बोलणे, हे क्रियापद भेटते. नियमित, म्हणजे अगदी गरीब स्वभावाचे, अशी त्याची ओळख करून दिली जाते. शेवटचा 'आर' काढायचा, प्रत्यय चिकटवायचे: आब्लो, आब्लास, आब्ला. झाले!

मग हळूच कळते, की 'आब्लो'मधला जोर शेवटी सरकला की 'मी बोलतो'चे 'तो बोलला' होते. लिहिताना फक्त डोक्यावर एक तिरकी रेघ. तेवढ्यावर माणूसही बदलला आणि काळही. 'आब्लामोस' तर 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' असे दोन्ही. पुढाऱ्यांच्या मोठ्या सोयीचे रूप! माद्रिदच्या मित्रमंडळींसाठी घोकलेले 'आब्लाइस' मेक्सिकोत कुणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही.

बोलणारा बाप्या की बाई, ही मराठी चौकशी इथे नाही, एवढाच दिलासा. पण इच्छा, शंका, भीती यांच्यासाठी रूपांचा वेगळा संसार आहे आणि त्याच्या भूतकाळात 'आब्लारा' व 'आब्लासे' अशी जोडी नांदते. एकाने भागत असताना दुसरे कशाला, हे विचारायचे नाही.

त्याच संसारातले भविष्यकाळी रूप रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेले. ते उरले मुख्यतः कायद्याच्या पुस्तकात. स्पेनच्या १९९५च्या दंडसंहितेतले १३८वे कलम मनुष्यवधाचे. 'जो कोणी ठार मारील' यासाठी तिथे 'मातारे' हेच जुनाट रूप आहे. आणि 'मातार', म्हणजे ठार मारणे, हेही क्रियापद पूर्णपणे नियमित.