मेलेल्या अण्णाचं जागरण

"अव काकू, डोळे किती सुजलेत! कुरडयांचा चीक घोटायला पहाटंच उठलात का?"

"झोपलेच कुठं? नातवानं मोबाईलवर 'रात्रीस खेळ चाले' लावून दिलं. दुसरं पर्व. दीड वाजला बघ."

"माय व! अण्णा नाईक मरतो ते ठाऊक हाय की तुम्हाला."

"तेच म्हणायले! 2016 ला मालिका आली तवा अण्णा सुरुवातीलाच गेला. 2019 ला मागची गोष्ट काढली, अण्णा जिता असतानाची. शेवट साऱ्यांना ठाऊक. म्हणलं, आता कोण बघतंय? अन् अण्णाची शेवंता आली की साडेदहाला गल्लीत कुणी दार उघडंना."

"माणूस इतका वंगाळ, तरी बघत बसायचं."

"अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांनी नुसतं बघितलं तरी पोटात गोळा यायचा. सोशिक सून अन् खाष्ट सासू सोडून असल्या माणसावर मालिका उभी करायची म्हणजे छाती पाहिजे."

"त्यात मालवणी. मला आधी निम्मं कळायचं नाही."

"तरी सोडलीस का? मग मालिकेत आपली मराठवाडी बोली कामून नको? संकर्षण कऱ्हाडे आपल्या परभणीचा. 'माझी तुझी रेशीमगाठ'मधी समीर झाला, झ्याक काम केलं. पण समीर बोलणार मुंबईचं. लिहिलंच तसं, पोरगं काय करील?"

"बोलीचं सोडा, आधी लांबवणं थांबवा म्हणावं. 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झालं तवा माझी पोरगी पाळण्यात होती. 2013 ला संपलं तवा सातवीला. तीन हजारावर भाग!"

"दर गुरुवारी टीआरपीचा आकडा येतो ना. घसरला की कुणाला अपघात, कुणाची स्मृती गेली. शेवट लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतो, मग कथा भरकटणारच. अण्णाचं मरण आधीच ठरलेलं, म्हणून मधलं सारं कसं त्याच वाटेनं चालायचं. उगं फाटे नाहीत."

"मग 2021 ला तिसरं पर्व कामून काढलं? अण्णाचं भूत, शेवंताचं भूत. त्यात शेवंता झालेली नटी मधीच बदलली."

"चाललेलं दुकान कोण बंद करतंय बाई? मेलेल्यालाबी कामाला लावलं."

"मग तिसरं बघणार नाही ना तुम्ही?"

"आज रात्री बसणारच हाय. तू बी ये जेवण आवरून. नातू झोपला की मला एकटीला भ्या वाटतं."