जगनाडे चौकातलं जेवोदां

राक्षस बघायचा तर लांबून बघावा. जवळ गेलं की तो बहुतेक वेळा जनावर निघतो आणि सगळी मजा जाते. माझं हे मत नागपूरच्या नंदनवनात, बहिणीच्या हॉलमध्ये, भाचीच्या कृपेनं तयार झालं.

भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आली की ती जपानी ॲनिमे बघते. त्याला कार्टून म्हटलं की घरात अबोला होतो, म्हणून मीही ॲनिमेच म्हणतो. सध्या ‘व्हॅनिटास’ चालू होतं. जून मोचिझुकी या लेखिकेची ही चित्रकथा २०१५ पासून जपानी मासिकात येते आहे, आणि २०२१ मध्ये ती पडद्यावर आली. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस, वर उडती जहाजं, खाली रक्तपिपासू पिशाच्चं. ती पिशाच्चं आजारी पडतात आणि व्हॅनिटास नावाचा एक माणूस त्यांच्यावर उपचार करतो. पिशाच्चांनाही शेवटी डॉक्टर माणसांतलाच लागतो, हे बघून मला जरा बरं वाटलं. मग ही मंडळी जेवोदां नावाच्या डोंगराळ मुलखात जातात आणि बर्फातून लांडग्याच्या वळणाचा एक भलाथोरला पशू बाहेर येतो.

“मामा, हा खरंच होता बरं का,” भाची म्हणाली.

“पिशाच्च?”

“नाही हो, तो पशू. तुम्ही बघा ना शोधून.”

आपल्याकडे पिशाच्च-लांडग्यांच्या या खात्यात तशी टंचाईच आहे. आपला वेताळ रक्त पीत नाही, डोकं खातो. विक्रमाच्या पाठीवर बसून तो कोडी घालतो आणि उत्तर बरोबर आलं की झाडाला लटकायला परत जातो. रिचर्ड बर्टननं १८७० साली त्याच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा मुखपृष्ठावर त्याला चक्क व्हॅम्पायर करून टाकलं. लांडग्याच्या वाट्याला तर आपल्याकडे राक्षसपद आलंच नाही. महाभारतानं त्याच्याकडून फक्त पोट उसनं घेतलं आणि भीमाला दिलं. ‘लांडगा आला रे आला’मध्ये त्याला घेतलं खरं, पण पाहुण्या कलाकाराची भूमिका, गोष्ट सगळी त्या थापाड्या पोराची. आपल्या माळरानावरचा लांडगा वजनाला असतो वीसेक किलो. एवढ्या वजनावर कोण घाबरणार?

जेवोदांचा पशू मात्र खरा निघाला. दक्षिण फ्रान्समधला हा मुलूख आज लोझेर जिल्ह्यात मोडतो. ३० जून १७६४ रोजी तिथं झान बूले ही चौदा वर्षांची गुराखी मुलगी मारली गेली, आणि पुढच्या तीन वर्षांत शंभराच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक रानात गुरं राखणारी पोरं आणि बायका. (त्याच वर्षांत इकडे नागपुरात जानोजी भोसल्यांचं राज्य होतं, आणि निजाम नि पेशवे मिळून त्यांच्यावर चालून आले होते. म्हणजे लचके तोडणारे आपल्याकडेही होते, फक्त त्यांच्याकडे हत्ती आणि तोफा असत.)

आता सरकार काय करतं बघा. आधी दुआमेल नावाचा कप्तान घोडेस्वार घेऊन आला. पशू बायकांवर जातो हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्यानं काही शिपायांना बायकांचे कपडे घालून रानात बसवलं. मिशा कुठं लपवल्या असतील, देव जाणे. पशू काही फसला नाही. मांदच्या बिशपनं १७६४ च्या शेवटच्या दिवशी पत्रक काढलं, की हा देवाचा कोप आहे, तुमच्या पापांचं फळ आहे, आणि मुलांना तुम्ही नीट वळण लावत नाही त्याचंही. राजा पंधराव्या लुईनं सहा हजार लिव्ह्र इनाम लावलं. मग नॉर्मंडीहून दनव्हाल बापलेक आले. बापाच्या नावावर बाराशे लांडगे जमा होते म्हणे. काही महिन्यांनी त्यांनाही परत पाठवलं.

यात खरा धंदा झाला तो वर्तमानपत्रांचा. सात वर्षं चाललेलं युद्ध १७६३ मध्ये संपलं होतं आणि छापायला काही उरलं नव्हतं. ‘कुरिए दाव्हिन्यों’ नावाच्या पत्रानं पशूला अंकामागून अंक चालवलं. गाव ते छापखाना या वाटेत पशू वाढत गेला. कुणाला तो तरसासारखा दिसला, कुणाला सिंहासारखा; त्याला गोळी लागत नाही, तो मागच्या पायांवर उभा राहतो, शेपूट तर विचारूच नका. पॅरिसमध्ये चित्रं विकली गेली. ज्यांनी गायीसुद्धा लांबून बघितल्या होत्या, त्यांना या पशूचे सुळे पाठ झाले.

आणि जवळून बघणारे? बारा वर्षांचा झाक पोर्तफे. १२ जानेवारी १७६५ ला तो आणि त्याचे सोबती गुरं राखत असताना पशू आला आणि त्यानं एका पोराला ओढत नेलं. या पोरांकडं काठ्या, काठ्यांच्या टोकाला पाती. बाकीची पळू म्हणत होती. झाक म्हणाला, सोडवायचं. चिखलापर्यंत पाठलाग करून त्यांनी सोबत्याला सोडवलं. राजानं झाकला तीनशे लिव्ह्र दिले आणि शिक्षणाचा खर्च उचलला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मारी-झान व्हाले या पाद्र्याच्या घरी काम करणाऱ्या पोरीनं ओढा ओलांडताना पशूच्या छातीत भाला घातला. या दोघांना पशूच्या शेपटीची लांबी कुणी विचारली असेल असं वाटत नाही. त्यांचं लक्ष दुसऱ्या टोकाकडं होतं.

सप्टेंबर १७६५ मध्ये राजाचा खास बंदूकवाला फ्रांस्वा आंत्वान यानं एक मोठा लांडगा मारला. साठ किलोच्या घरातला. त्यात भुसा भरून तो व्हर्सायला गेला, कौतुक झालं, बक्षीस मिळालं, फाईल बंद. डिसेंबरात पुन्हा हल्ले सुरू झाले. पण पशू कागदोपत्री मेलेला होता, आणि कागदोपत्री मेलेल्याला पुन्हा मारायला सरकारी शिकारी पाठवता येत नाही. आपल्याकडे पेन्शनसाठी हयातीचा दाखला घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटी १९ जून १७६७ ला तिथल्याच झां शास्तेलनं त्याला गोळी घातली. हा तोच शास्तेल, ज्यानं आंत्वानच्या माणसांना दलदलीत पाठवून दिलं म्हणून पोरांसकट तुरुंगाची हवा खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी नोटरी आला, त्यानं फीत लावून एकेक माप कागदावर घेतलं. फितीखाली आल्यावर तो लांडग्याच्या जातीचा एक मोठा पशू होता. चांदीची गोळी शास्तेलच्या बंदुकीत नंतरच्या लेखकांनी भरली. ज्यानं ती शेवटची शिकार भरवली तो दापशिये घराण्यातला जमीनदार. मोचिझुकीबाईंनी त्याच घराण्यात क्लोए नावाची पिशाच्च मुलगी घातली आणि कथा पुढं चालवली.

इथवर मी हसत होतो. मग यवतमाळ आठवलं.

पांढरकवडा-राळेगाव भागातली वाघीण. वनखात्याच्या लेखी ती टी-१ होती, प्राणिप्रेमींच्या लेखी अवनी. दोनेक वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. तिच्यासाठी कॅमेरे लागले, हत्ती आले, ड्रोन आले, पॅराग्लायडर आले, बाहेरून शिकारी आले, इटालियन जातीचे कुत्रे आले. तिला वासानं ओढून आणायला परदेशी अत्तर शिंपडलं गेलं. दुआमेलनं शिपायांना लुगडी नेसवली, आपण रानाला अत्तर लावलं. अडीचशे वर्षांत एवढी प्रगती झाली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. मग मुंबई-दिल्लीकडे मेणबत्त्या पेटल्या, आणि बोराटीकडे फटाके वाजले. लांबच्यांसाठी ती देवी होती किंवा नरभक्षक राक्षसीण. ज्यांना सकाळी कापूस वेचायला जायचं होतं, ते तिला वाघीण म्हणत.

हे सगळं मी संध्याकाळी जगनाडे चौकाजवळच्या पानठेल्यावर सांगितलं. खर्रा घोटणाऱ्यानं हात न थांबवता ऐकलं. तिथं ऐकणाऱ्यांचा अनुभव दांडगा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात पश्चिम नागपुरात, गायत्रीनगर-आयटी पार्ककडे, बिबट्या दिसला होता. बिबट्या एकच, पण पूर्व नागपुरात प्रत्येक ठेल्यावर त्याला पाहिलेले चार-चार निघाले होते.

“केवढा होता म्हणता भाऊ तो लांडगा?”

“साठ किलो. पण तो पहिला. दुसऱ्याचं वजन—”

“म्हणजे दोन आहेत!”

मी सतराशे चौसष्ट म्हणालो होतो, फ्रान्स म्हणालो होतो. पण ठेल्यावर सनावळी टिकत नाही. मी खर्रा घेतला, केडीके कॉलेजच्या रस्त्यानं फिरून घरी आलो, तोवर शेजारच्या काकू बहिणीला सांगत होत्या, “वाठोड्याकडे काहीतरी येऊन राह्यलं म्हणे. लांडग्यासारखं. गोळी लागत नाही त्याले.” सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली होती, की सातनंतर मुलांना खाली पाठवू नये. खाली तरसाचा फोटो. त्याखाली एकानं विचारलं होतं, की मग उद्या कचऱ्याची गाडी येणार की नाही.

खरं तर सातनंतर खाली जायचं नसेल, तर त्याला कारण आमच्या गल्लीतच आहे. कोपऱ्यावर मोकाट कुत्र्यांची टोळी बसते. रात्री स्कूटी दिसली की सात-आठ जणं भुंकत पोटरीच्या उंचीवर धावतात, आणि चालवणारा दोन्ही पाय हँडलपर्यंत उचलून शिवाजीनगरपर्यंत जाईल की काय असं वाटतं. दर आठवड्याला कुणी ना कुणी इंजेक्शन घ्यायला जातं. पण त्यांना कुणी राक्षस म्हणत नाही. म्हणणार कसं? म्होरक्याचं नाव काळू आहे आणि त्याला काकू पोळी घालतात. “तो तसा नाही हो,” त्या म्हणतात, “तुम्हीच जोरात गाडी नेता.”

भाचीला मात्र या सगळ्यातून कल्पना सुचली. यंदा मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे पुतळा, जेवोदांच्या पशूचा करायचा. राक्षस गावातून बाहेर काढायची नागपूरची पद्धत मला नेहमीच फ्रेंचांपेक्षा शहाणी वाटत आली आहे. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते, रोगराई-इडापिडा सगळी तिच्या माथी देतात आणि जाळून मोकळे होतात. तीन वर्षं लागत नाहीत, भुसा भरावा लागत नाही. सोबतचे बडगे तर आपण दरवर्षी नवे करतो, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्याचा राग आला असेल त्याचा.

ठेल्यावर बैठक बसली. पहिला आक्षेप खर्रेवाल्याचाच होता: बडग्याच्या गळ्यात पाटी पाहिजे. पाटीशिवाय बडग्या म्हणजे नुसतं बुजगावणं. मग पाटीवर काय लिहायचं? एक म्हणाला, खड्डे. दुसरा म्हणाला, वीजबिल. भाची म्हणाली, जेवोदां, तर तिला विचारलं, हे कोणत्या वॉर्डात येतं. मी हळूच काळूचं नाव सुचवलं. काकूंनी वर्गणी परत मागितली.

पाटीचं राहू द्या, आधी सांगाडा करू, असं ठरलं. मी नोटरीच्या मापाचा मुद्दा काढला, की निदान शेपूट तरी बेतानं ठेवू. “साडेतीन फूट?” एक काका म्हणाले. “भाऊ, इतवारीपर्यंत न्यायचा आहे ना त्याले. लोकं हसतील.” पाच झाली, सहा झाली. कुणीतरी वाठोड्याच्या माणसाचा हवाला दिला, ज्यानं ती प्रत्यक्ष पाहिली होती, आणि आकडा नऊवर गेला. बांबू अजून आणायचाच होता.