काळजीवाहू चाहता

वय तिशी-पस्तिशी, आयटीत नोकरी, कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली कॅप्टन अमेरिकाची ढाल छापलेले टी-शर्ट. घराचा हप्ता आणि पोरीची ॲडमिशन यांची काळजी बायको करते. हा डॉक्टर डूमची करतो.

‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ १८ डिसेंबर २०२६ला येणार. आधी १ मे ठरला होता. तेव्हा ‘उगाच घाई करतायत’ ही काळजी होती. तारीख पुढे गेली, तशी ‘नक्कीच काहीतरी बिघडलंय’ ही सुरू झाली.

पण खरं दुखणं मुखवट्याचं. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात डूमला आणलं. लॅटव्हेरियाचा राजा, अंगात चिलखत, तोंडावर मुखवटा आणि गर्व असा, की स्वतःलाही ‘डूम’ असंच म्हणणार. २००५च्या सिनेमात त्याचा उद्योगपती केला, २०१५मध्ये कॉम्प्युटरवाला. ही दोन्ही सुतकं यानं अजून फेडलेली नाहीत. आणि आता डूम होणार रॉबर्ट डाउनी! ‘एवढे पैसे मोजून आणलेला माणूस तोंड झाकून बसेल होय?’ हे तो कॅन्टीनमध्ये विचारतो, लिफ्टमध्ये विचारतो. परवा सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या मुद्द्यावर हात वर केला, तेव्हा सेक्रेटरी घाबरले.

घरी आईसमोर तर त्याची डाळ शिजत नाही.

“अरे, पण तो मेला ना? थिएटरात किती रडलास!”

“आई, तो टोनी स्टार्क. हा डूम. वेगळा माणूस.”

“चेहरा तोच?”

“हो.”

“मग प्लास्टिक सर्जरी केली असेल. आमच्या मालिकेत नाही का...”

हा चहा तसाच टाकून उठला. कारण त्याला रात्ररात्र छळणारी शंका नेमकी तीच होती.

मार्च २०२५मध्ये मार्व्हलनं कलाकारांची नावं जाहीर केली, ती खुर्च्यांच्या पाठीवर. एक खुर्ची दिसायची, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरी. हा प्रकार पाच तासांहून जास्त चालला, शेवटी डाउनी स्वतः येऊन बसला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायाला चुळबुळ करणारा हा गृहस्थ रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत तेल घालून बघत होता. सकाळी लाल डोळ्यांनी ऑफिसात आला आणि म्हणाला, “पॅट्रिक स्टुअर्टपण आहे. म्हणजे परत मारणार.” यात मात्र तथ्य आहे. त्याच्या प्रोफेसर झेव्हियरला पडद्यावर आतापर्यंत तीनदा मारलंय.

याचे पूर्वजही असेच. मायकेल कीटनला बॅटमॅन केलं, तर वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची हजारो पत्रं गेली. १९८९मध्ये सिनेमा लागला आणि पुढच्या प्रत्येक बॅटमॅनला त्याच कीटनची पट्टी लावली गेली. कॉमिक्समधला वुल्व्हरिन जेमतेम सव्वापाच फूट, ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. तेव्हाही ओरड झालीच. आज जॅकमनच्या उंचीबद्दल ब्र काढा, हाच अंगावर येईल. हे सगळं मी त्याला सांगून पाहिलं. “ते अपवाद,” म्हणाला.

मला वेगळाच संशय आहे. सिनेमा पडला तर याचं फारसं बिघडणार नाही, ‘मी म्हटलंच होतं’ यावर दोन वर्षं सहज निघतील. चांगला निघाला तर मात्र पंचाईत. मुलीच्या सासरी सगळी माणसं भलीच निघाली, तर बापानं बोलायचं तरी काय?

“एवढं वाटोळं होणारे, तर जातोस कशाला?” बायकोनं विचारलं.

“कुणीतरी जायला नको?”

रजेचा अर्ज गेलाय. शुक्रवार, कारण ‘घरगुती’. साहेबांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आणि ही डिसेंबर २०२७ची रजा? आत्तापासून?”

“सर, ‘सीक्रेट वॉर्स’ आहे,” हा खालच्या आवाजात म्हणाला. “त्याचं तर काही खरंच नाही.”