तिसऱ्या रात्रीचं भाडं

पिशोरच्या माणसाने उष्ण कटिबंधातल्या बेटावर स्वस्त आणि आरामशीर मुक्काम शोधायला निघावं, हे ऐकून अंजना नदीलाही हसू फुटेल. समुद्र इथून जवळात जवळ म्हटला तरी अडीच-तीनशे किलोमीटर. लाटांचा आमचा अनुभव अंजना-पळशी धरणाच्या सांडव्यापुरता, आणि तोही ज्या वर्षी धरण भरेल त्या वर्षापुरता. पोहता येतं, पण विहिरीत. म्हणजे पाणी गोड असेल आणि चारही बाजूंना काठ असेल तर. तरीसुद्धा या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्या कन्नड तालुक्याचाच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बेटावर गेलेल्या माणसावर जी मुख्य आपत्ती कोसळते, ती आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ असते: शेवटची गाडी गेलेली असते. फरक एवढाच की इथे मुक्कामी एसटी चुकली तर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पडते आणि सकाळी चहा मिळतो. भरसमुद्रात ओसरी नाही.

माझा मुद्दा असा. बेटावरच्या खोलीची किंमत पहिल्या रात्रीच्या भाड्यावरून काढू नये, तिसऱ्या रात्रीच्या भाड्यावरून काढावी. पहिल्या दोन रात्री आपण ठरवून राहतो. तिसरी समुद्र ठरवतो. जमिनीवर हा प्रश्न येत नाही. कन्नडचा लॉज आवडला नाही तर औट्रम घाट मोकळा असल्यास चाळीसगाव गाठता येतं, आणि हे लॉजवाल्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो कुरकुरत का होईना चादर बदलतो. बेटावरच्या मालकाला हा धाक नसतो. गिऱ्हाईक रागावून जाईल कुठे? फार तर किनाऱ्यापर्यंत.

आता बेट कोणतं, हे झटपट उरकू. महाराष्ट्राच्या पदरात घरापुरी आहे. मुंबईच्या गेटवेपासून लाँचने तासाभराचं अंतर, आणि २०१८ साली समुद्राखालून केबल टाकल्यापासून तिथे वीजही आहे. पण पर्यटकाला रात्री राहू देत नाहीत. भाडं शून्य, म्हणजे स्वस्ताईत पहिला नंबर. आरामाचं मात्र गेटवेच्या कट्ट्यावर बघावं लागतं. शिवाय ज्याच्या एका हाताला पितळखोरं आणि दुसऱ्या हाताला वेरूळ, त्याने लेणी पाहायला बोटीत बसणं म्हणजे दारात विहीर असताना टँकरची वाट बघणं. लक्षद्वीपला आधी परवाना लागतो आणि खोल्या मोजक्या. उरलं अंदमान. तिथे पासपोर्ट लागत नाही आणि बोलायला हिंदी चालते. आमची हिंदी जिल्ह्याच्या गावी शहागंजात चालते, म्हणजे ती कुठेही चालेल.

अंदमानच्या खोलीचा भाव समजून घ्यायचा तर आधी तिथल्या बटाट्याचा भाव समजून घ्यावा. अंदमान-निकोबारची लहानमोठी बेटं आणि खडक मिळून आकडा आठशेच्या वर जातो, पण माणसं राहतात ती तीसेकांवर. श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर, चेन्नईपासून सुमारे बाराशे किलोमीटर. बटाटा, कांदा, सिमेंट, गादी, गादीवरची चादर, सगळं तेवढा समुद्र ओलांडून येतं. वीज बरीचशी डिझेलवर, आणि ते डिझेलही जहाजानेच. म्हणजे खोलीतला एसी लावला की चेन्नईहून आलेलं डिझेल आपण थंड हवा म्हणून अंगावर घेतो. त्याचे पैसे मालक तरी कुठून सोडणार? पाण्याची गंमत तर खास आमच्यासाठी राखून ठेवलेली आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या चौपट. तरी उन्हाळा कडक गेला की राजधानीला पाणी पुरवणारं धनीखारी धरण तळाला जातं आणि नळाचे दिवस मोजावे लागतात. हे वाचून ज्याला आतून बारीकसं समाधान वाटत नाही, तो मराठवाड्याचा नव्हे. अंदमानात स्वस्त खोली घेताना नळ आहे का हे विचारू नये, टाकी किती लिटरची हे विचारावं. हा प्रश्न आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही.

बहुतेकांना राहायचं असतं ते स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकवर. राधानगरचा किनारा फार सुंदर आहे. पुढे चला. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं. त्यामुळे गावं गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर अशी. किनाऱ्यांना मात्र नंबर आहेत: तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. जिल्ह्याच्या गावी सिडकोत एन-पाच आणि एन-सात शोधत ज्याने उन्हात चपला झिजवल्या आहेत त्याला इथे अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल. स्वस्त झोपड्या बहुतांशी तीन आणि पाच नंबरच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. इथे भूगोल आडवा येतो. अंदमान पिशोरच्या साडेसतरा अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य सत्तर मिनिटं आधी उगवतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. बांबूच्या तट्ट्यातून ऊन पहाटे पाचलाच आत येतं आणि पापणीवर उभं राहतं. जाहिरातीत याला 'सूर्योदयाचं दर्शन' म्हणतात. दर्शन मंदिरात आपण रांग लावून घेतो. इथे देव स्वतः खोलीत शिरतो आणि चहा तर सातला मिळणार असतो.

पण हे सगळे किरकोळ छळ. खरा प्रश्न बोटीचा. २०१६ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन हंगामात, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचंच पुढे वरदा चक्रीवादळ झालं. बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक व नील या दोन बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. शेवटी नौदलाची जहाजं गेली, हेलिकॉप्टरं गेली, आणि लोकांना राजधानीत आणून सोडलं. बातमीत आकडे आले, वाऱ्याचा वेग आला. तिसऱ्या रात्री कुणाच्या खोलीचं भाडं किती झालं, हे मात्र कुठे आलं नाही, आणि मला तेच वाचायचं होतं.

म्हणून हिशेब आपणच मांडू. आकडे पदरचे आहेत, पण ताळा बरोबर आहे. पिशोरचं एक कुटुंब धरा: नवरा, बायको, दोन लेकरं आणि आण्णा, ज्यांना रात्रीची गोळी जेवल्यावरच घ्यावी लागते. आलं चांगल्या भावाने गेलं त्या वर्षी हे निघाले. झोपडी बाराशेची, दोन रात्री. बाजूची पक्की खोली पंचवीसशेची. झोपडी घेऊन सव्वीसशे वाचले म्हणून नवरा खुशीत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर पाटी: बोट रद्द. झोपडीवर परत यावं तर पत्र्यावर पाऊस सुरू. पत्र्यावरचा पाऊस पिशोरच्या माणसाला फार प्रिय, वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला तो पत्रा कुठे गळतो हे पाहू लागतो. दुपारी दिवे जातात, फोनची बॅटरी बारा टक्क्यांवर येते. झोपडीवाला जेवण देत नाही. त्याने सकाळीच हात जोडून सांगितलं की समोरच्या हॉटेलात खा, आणि समोरच्या हॉटेलची चूल भिजलेली. आण्णांची गोळी जेवणासाठी थांबते, आण्णा गोळीसाठी थांबतात, आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, 'गाडी लागली का रे?' तिकडे श्री विजयपुरममध्ये पैसे भरून ठेवलेली खोली मोकळी पडून आहे, आणि दुसऱ्या दिवशीचं विमान पाच रिकाम्या खुर्च्या घेऊन वेळेवर उडणार आहे. वाचलेल्या सव्वीसशेकडे आता बघवत नाही.

इथे हुशार वाचक मला अडवेल. विमान तर पंचवीसशेच्या खोलीतल्याचंही चुकलं असतं, नऊ हजारांच्या रिसॉर्टमधल्याचंही चुकलं असतं. मग झोपडीचा काय दोष? आक्षेप रास्त आहे. समुद्र भाडं बघून खवळत नाही. पण म्हणूनच माझं म्हणणं टिकतं. विमानाचं नुकसान सगळ्यांना सारखं, तेव्हा ते हिशेबातून दोन्हीकडे कापून टाका. उरते ती तिसरी रात्र आणि चौथी. नऊ हजारवाल्याला त्या दोन रात्री अठरा हजारांना पडतात. मऊ गादीवर पडून तो रात्रभर आकडे मोजतो, म्हणजे आरामही गेला. बाराशेवाल्याला पैशाने कमी पडतात, पण आण्णा उपाशी. मधल्या पक्क्या खोलीचा मालक त्याच अंगणात राहत असेल, तर चित्र बदलतं. वादळात तोही अडकलेलाच असतो. त्याला स्वतःच्या लेकरांसाठी भात शिजवायचाच असतो. पातेलं थोडं मोठं चढतं, इतकंच. बेटावर जागा निवडताना मालक स्वतः अडकणाऱ्यांपैकी आहे का, हे बघावं. जो चेन्नईत बसून फोनवर धंदा चालवतो, त्याच्या झोपडीत पत्रा गळतो ते आपल्याला, त्याला नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी डोकेफोड कशाला, सहल कंपनीबरोबर जा. खरं आहे, आण्णा बरोबर असतील तर मी स्वतः हाच सल्ला देईन. कंपनी मराठी बोलणारा माणूस देते, जेवणात वरणभात देते, एखादी तर शेवटच्या दिवशी पुरणपोळीही वाढते. फक्त शांत समुद्र तिलाही आणता येत नाही, आणि हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिसऱ्या रात्रीचं भाडं तिने आधीच सगळ्यांच्या पैशात थोडं थोडं मिसळलेलं असतं. तीच रक्कम आपण बाजूला काढली, झोपडीत न वाचवता राजधानीत विमानाच्या आधीची एक जास्तीची रात्र विकत घेतली, तर काम भागतं. तिसरा आक्षेप काटकसरी माणसाचा: पावसाळ्यात जा, खोल्या निम्म्या भावात मिळतात. मिळतात, पण उरलेला निम्मा समुद्राने आपल्याकडे ठेवून घेतलेला असतो. राजधानीत राहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारेही आहेत. बोटीचं भाडं त्यांनाही तेवढंच लागतं आणि समुद्र मिळतो चार-पाच तास. त्यातला एक तास लेकरांच्या अंगावरची वाळू झटकण्यात जातो.

आरामाची व्याख्याही एकदा तपासली पाहिजे. सरकारी पर्यटक निवासाच्या एका नावाने माझं मन जिंकलं: मेगापोड नेस्ट. निकोबारचा मेगापोड हा पक्षी अंडी उबवत बसत नाही. तो वाळूपाल्याचा ढीग करतो, अंडी त्यात पुरतो आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब पुढचं काम करते. भाडं नाही, हीटर नाही. स्वस्त मुक्कामाचा इतका कडक नमुना माणसाला झेपणारा नाही. आमची गरज वेगळी. पलंग थोडा करकरला तरी चालेल. बादली आणि मग पाहिजे, कारण फवारा कितीही नाजूक असला तरी डोक्यावरचं खारं पाणी तांब्यानेच उतरतं. पंखा पाहिजे. आणि दोरी पाहिजे. दोरीकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि तिथेच घात होतो. त्या दमट हवेत ओला पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला तर दुसऱ्या दिवशीही तो ओलाच असतो, वर त्याला वास येतो. तिसऱ्या दिवशी खुर्चीलाही येतो. व्हरांड्यात वाऱ्याच्या तोंडावर बांधलेल्या दोन वाव दोरीने जो आराम मिळतो तो चौथ्या उशीने मिळत नाही.

अंदमानात एकच मुक्काम असा आहे जिथे हे सगळे हिशेब बंद पडतात. सेल्युलर जेल बांधून झाला १९०६ मध्ये: सात रांगा, त्यातल्या आता तीन उरलेल्या. रचना अशी की प्रत्येक कोठडीच्या समोर दुसऱ्या रांगेची पाठ यावी, म्हणजे माणसाला माणसाचं तोंड दिसू नये. कोठडीत वर, छताजवळ एक झरोका. ४ जुलै १९११ ला विनायकराव सावरकर इथे आले, तेव्हा थोरले बाबाराव आधीच इथे होते. दोघे सख्खे भाऊ, भिंती त्याच, घंटा तीच. आणि कितीतरी काळ भेट नाही. १९२१ पर्यंत दोघे इथेच होते. नाशिकजवळच्या भगूरची ही दोन मुलं. समुद्र त्यांच्यापासून दगड फेकण्याच्या अंतरावर होता आणि त्यांना ऐकू यायचा. त्या जेलच्या व्हरांड्यातून बाहेर पडल्यावर 'आमच्या खोलीला समुद्राचा देखावा नाही' ही तक्रार काही तास तोंडातून निघत नाही. संध्याकाळी निघते.

तेव्हा जागा ठरवताना फोनवर छायाचित्रं मागू नयेत, सरळ विचारावं: बोट बंद झाली तर तिसऱ्या रात्रीचं काय घेणार? 'इथे बोट कधी बंद होत नाही' म्हणणाऱ्याचा फोन लगेच ठेवावा. 'जे पहिल्या रात्रीचं तेच' म्हणणाऱ्याचा नंबर लिहून घ्यावा. आणि जो भाड्याचं काहीच न बोलता 'तुमच्यात म्हातारं माणूस कोणी आहे का, ते काय खातात' असं विचारेल, त्याला आगाऊ रक्कम पाठवून मोकळं व्हावं. धपाटे मात्र तिसऱ्या दिवसापुरतेच बांधावेत. त्या हवेत ते चौथ्या दिवशी टिकत नाहीत.