बंद पाठीचा हेडफोन कसा निवडावा: इयत्ता पहिली

सगळ्यात आधी घरच्यांना सांगून ठेवा की हा हेडफोन गाणी ऐकायला नाही. ‘मग कशाला?’ असा प्रश्न येईलच. ‘चुका ऐकायला,’ असं उत्तर द्या. माझ्या सासूबाई यावर म्हणाल्या, “त्यासाठी पैसे कशाला घालवतेस? मी आहे की!”

नवशिक्यांनी हे वाक्य वहीत लिहून घ्यावं. मॉनिटरिंगचा हेडफोन म्हणजे नेमकं हेच. तो कौतुक करत नाही. पोहे चांगले झालेत हे सोडून त्यात एक मोहरी कच्ची राहिलीय, एवढंच सांगतो. गाणं गोड वाटावं म्हणून घेतलेला हेडफोन पाहुण्यासारखा असतो, ‘छान झालंय’ म्हणून निघून जातो. आपल्याला हवं ते घरचं माणूस.

माझी पात्रता अशी: डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मी ऑडिओसाठी गोष्टी वाचते. स्टुडिओ म्हणजे कपाट. दार उघडायचं, साड्यांच्या तोंडाशी माइक धरायचा, पाठीवर गोधडी घ्यायची आणि मे महिन्यात ‘बाहेर बर्फ पडत होता’ असं शांत आवाजात म्हणायचं.

पहिली पायरी: कपची पाठ बघा. जाळी असेल तर तो ओपन बॅक, सलग असेल तर क्लोज्ड बॅक. आतला पडदा हलतो तेव्हा हवा पुढे ढकलतो तशी मागेही ढकलतो. ओपन बॅकमध्ये मागचा आवाज जाळीतून बाहेर जातो, म्हणून ऐकायला ऐसपैस वाटतं. क्लोज्ड बॅकमध्ये तो डब्यातच राहतो, भिंतीवर आपटून परत येतो, आणि बांधणी नीट नसेल तर खालचे सूर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे घुमतात. म्हणजे ऐकण्याच्या सुखात ओपन बॅक वरचढ, हे मान्य करून टाका. वाद संपतो.

मीही आधी ओपन बॅकच घेतला होता. एका जाणकारांनी ‘आवाज कसा मोकळा पाहिजे’ असं सांगितलं होतं आणि मला ते माणसांबद्दल पटतं म्हणून हेडफोनबद्दलही पटलं. मग शेजारची मुलगी अभंग रेकॉर्ड करायला आली. तिच्या कानात तानपुऱ्याचं ॲप, समोर माइक. मोकळा आवाज मोकळेपणाने जाळीतून बाहेर आला आणि माइकमध्ये जाऊन बसला. नंतर ठरलं की तानपुरा नको, नुसती पेटी ठेवू. तानपुऱ्याचा ट्रॅक काढला, तरी तानपुरा जाईना. प्रत्येक ओळीच्या शेवटी, ती श्वास घेताना, मच्छरदाणीत एखादा डास राहावा तसा तो गुणगुणत राहिला. गळा आणि तानपुरा एकाच ट्रॅकवर चिकटले की ते सोडवणं म्हणजे खिचडीतून डाळ वेगळी काढणं. सबब, माइकसमोर बसायचं असेल तर पाठ बंद हवी.

दुसरी पायरी खोक्यावरचे आकडे वाचण्याची. हे आकडे वाचून आदर वाटायला हवा, तसा तो वाटतोच. बायरडायनॅमिकच्या डीटी 770 प्रोवर 5 ते 35,000 हर्ट्झ असं छापलेलं असतं. माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 पर्यंत ऐकतो, आणि चाळिशी ओलांडली की वरचे चारपाच हजार कधी निघून गेले ते कळतही नाही. उरलेला भाग गल्लीतल्या कुत्र्यासाठी. घरी कुत्रा असेल तर जरूर विचार करा.

त्याच मॉडेलवर 32, 80, 250 असे ओहम असतात. नवशिक्या इथे 250 उचलतो, कारण मिक्सर घेताना जास्त वॅटचा घ्यावा हे त्याला घरून माहीत असतं. ओहम म्हणजे ताकद नव्हे, अडवणूक. 250 ओहमला व्होल्टेज जास्त लागतं. फोनला लावलात तर आवाज सातव्या मजल्यावरून हाक मारल्यासारखा येईल. माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस दणकट असेल तर 250 घ्या, साधा असेल तर 80, फोन-लॅपटॉपवर भागवायचं असेल तर 32.

तिसरी पायरी दुकान. मी लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदारानं माझ्या कानावर हेडफोन चढवला आणि म्हणाला, “मॅडम, बेस ऐका, बेस!” बेस इतका होता की दाताची कॅप हलली. मग त्यानं दुसरा, महागडा लावला आणि हळूच आवाजाची कळ दोन घरं वर सरकवली. दोन हेडफोनांत जो जरा मोठ्यानं वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. हा दुकानदाराचा दोष नाही, कानाचा आहे. तेव्हा कळ स्वतःच्या हातात ठेवा आणि दोन्हींचा आवाज सारखा करूनच तुलना करा.

आणि त्यांचं दणदणीत गाणं ऐकू नका. स्वतःच्या फोनमध्ये स्वतःचा आवाज घेऊन जा. मी एक वाक्य करून ठेवलंय: ‘सासूबाईंनी चमचाभर चिंचेचा सार फुंकून प्यायला.’ (सार ‘तो’ की ‘ते’ यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत, चाचणीपुरता तो.) यातला ‘स’ शिट्टीसारखा टोचतो का? ‘चमचा’मधला च आणि ‘चिंच’मधला पहिला च वेगवेगळे ऐकू येतात का? ‘फुंकून’ला माइकवर हवेचा फटका बसलाय तो कळतो का? मराठीत दोन च आहेत हे जर्मनीत हेडफोन बनवणाऱ्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून तपासून घ्यावं. गाणाऱ्यांनी डग्ग्याची घसीट आणि तानपुऱ्याची जवारी ऐकावी. डग्गा नुसता ‘धुम्म’ वाजून मागचं सगळं झाकत असेल तर हेडफोन खाली ठेवा आणि चहा घ्या.

चौथी पायरी कुणी सांगत नाही आणि तीच खरी: चष्मा. क्लोज्ड बॅकचा बेस कुशन कानाभोवती घट्ट बसण्यावर असतो. चष्म्याची काडी कुशनखाली गेली की बारीक फट पडते आणि खालचे सूर त्या फटीतून पसार होतात. मी एकदा चष्मा लावून अख्खं प्रकरण तपासलं, आवाज पातळ वाटला म्हणून बेस वाढवला, आणि ज्यांनी ते बिनचष्म्याचं ऐकलं त्यांना वाटलं मी माठातून वाचतेय. त्यात माझ्या कानात कुड्या. कुशन पंधरा मिनिटं दाबलं की मोती मानेत घुसतो. अंबाडा असेल तर वरची पट्टी मागे सरकते. तेव्हा दुकानात जाताना रोजचा चष्मा, रोजचे कानातले आणि रोजची केशरचना घेऊन जा, आणि किमान वीस मिनिटं काढू नका. दुकानदार घड्याळाकडे बघेल. बघू द्या.

कुशन रेक्झिनचं असेल तर दोनेक पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात. काळे ठिपके कानाला चिकटून मी एका साखरपुड्याला जाऊन आले. बदली कुशन मिळतं का, हे आधी विचारा.

नावं सांगा म्हणाल तर सांगते, पण त्यावर वेळ घालवण्यासारखं फार नाही. सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासून जगभरच्या रेकॉर्डिंगच्या खोल्यांत लटकलेला आहे. निळी पट्टी, स्प्रिंगची वायर, वरचे सूर जरा बोचरे. चुका शोधायला ते बरंच. डीटी 770 चं कुशन सहसा मखमली, तासन्‌तास चालतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एम50एक्सची वायर निघते, म्हणजे पायात अडकली तर वायरच बदलायची. सेनहायझरचा एचडी 25 छोटा, हलका, एक कप कानावरून बाजूला वळवता येतो. चारही सज्जन आहेत. एक घ्या आणि पाच वर्षं दुसऱ्याकडे बघू नका, कारण चुका हेडफोन दाखवत असला तरी ओळखायच्या आपल्याच कानाला असतात.

ब्लूटूथ? नको. आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त उशीर होतो. गाणाऱ्याची सम तिथेच गेली.

नवा हेडफोन पन्नास तास वाजवून ‘मुरवावा’ असं काही जण सांगतात. लोणचं मुरतं. इथे मुरतो तो आपला कान.

आवाज बेताचा ठेवा. 85 डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 91 ला दोनच तास.

आता हेडफोन आला असं समजू. पहिल्याच रात्री मी लॅपटॉपच्या स्पीकरवर तपासून ठेवलेली अकरा प्रकरणं पुन्हा लावली. तिसऱ्या मिनिटाला खाली, एकदम तळाशी, हुंऽऽ ऐकू आलं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे फ्रिजची घरघर बहुधा शंभराच्या आसपास असते. लॅपटॉपचा टीचभर स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. बंद पाठीमुळे शिट्ट्या आणि हॉर्न बरेच अडतात, पण असे खालचे सूर थोडे बाहेरूनही शिरतात. म्हणून शंका आली, हुंऽऽ खोलीतलं की रेकॉर्डिंगमधलं? स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला, परत येऊन हेडफोन चढवला. हुंऽऽ तसंच. अकराच्या अकरा प्रकरणांत.

ती सगळी मी पुन्हा वाचली, फ्रिज बंद ठेवून. तुम्हीही तसंच करा, फक्त बसण्याआधी घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहील. मी त्या रात्री ठेवली नव्हती. सकाळी दोन लिटर दूध नासलेलं होतं, आणि ते सासूबाईंना हेडफोनशिवायच कळलं.