विषय: हेडफोनची वायर परत मिळणेबाबत

प्रति,
जगातील समस्त हेडफोन कंपन्यांचे डिझाईन विभागप्रमुख यांस,

अर्जदार: एक सुपेकर, मु. पो. सुपे, ता. बारामती, जि. पुणे.

महोदय,

पत्रास कारण की, अर्जदार हा बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातला कायमचा रहिवासी असून त्याचा कान गेली वीसेक वर्षे एका काळ्या वायरीला बांधलेला होता. एक टोक कानात, दुसरे खिशात, मध्ये गुंता. तो सोडवायला दोन मिनिटे लागत. चौफुल्याच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्याकडे त्याहून बराच जास्त वेळ असतो.

आपण तो गुंता कायमचा सोडवलात. वायरच काढून टाकलीत. डोकेदुखीवरचा हा उपाय सुप्यातही माहीत आहे, फक्त तो सहसा कोंबडीवर करतात.

७ सप्टेंबर २०१६ रोजी आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक बुजवले, तेव्हा अ‍ॅपलचे फिल शिलर यांनी व्यासपीठावरून या कृतीचे कारण एका शब्दात सांगितले: धैर्य. त्याच वर्षी गुगलने आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत ‘आमच्याकडे भोक आहे’ म्हणून टोमणा मारला आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून ते गुपचूप काढले. २०२० मध्ये आयफोनच्या खोक्यातले इयरफोनही गेले. फ्रान्समध्ये मात्र फोनसोबत इयरफोन देणे कायद्याने बंधनकारक होते, म्हणून तिथे कायदा बदलेपर्यंत खोक्यात खोके घालून ते द्यावे लागले. धैर्याला फ्रेंच हद्दीत परवाना नव्हता म्हणायचे.

बुजवलेल्या त्या भोकाचे कूळ मोठे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर जी जाड पिन खुपसत, तिचेच हे साडेतीन मिलिमीटरचे नातवंड. पिन गोल असल्यामुळे ती त्यात अंधारात, कशाही बाजूने, न बघता बसते. १९७९ च्या पहिल्या वॉकमनला तर अशी दोन भोके होती, दोघांनी मिळून ऐकायला. आता दोघांनी ऐकायचे तर बिनवायरी इयरफोनचे एकेक बोंड वाटून घ्यावे लागते आणि गाणेही अर्धे अर्धे येते.

पण अर्जदाराचे मुख्य गाऱ्हाणे पुढेच आहे. साहेब, ती वायर नुसती वायर नव्हती, ती रेडिओची एरियल होती. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ वर. या लहरींची लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास भरते. त्या पकडायला निदान हातभर तार लागते आणि तळहातात मावणाऱ्या फोनमध्ये ती ठेवायला जागा नाही. म्हणून मोबाईलवर एफएम लावायला गेले की आधी ‘हेडफोन जोडा’ असा हुकूम यायचा. वायर गेली, भोक गेले, त्यांच्यामागोमाग रेडिओही गेला. तो ना डेटा मागत होता ना रिचार्ज. २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला मोबाईल कंपन्यांना कळवावे लागले की फोनमधला एफएम बंद ठेवू नका, आपत्तीत तो कामी येतो. एरियल कुठून आणायची, हे ज्याने त्याने बघावे.

आता रात्रीचे. शेतीची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की पिकाला पाणी द्यायला रात्रीच दारे धरावी लागतात. एका हातात खोरे, दुसऱ्यात बॅटरी, पाय चिखलात. अशा वेळी गडी एक बोंड कानात ठेवतो आणि दुसरे मोकळे सोडतो, कारण पाट फुटल्याचा आवाज गाण्यापेक्षा महत्त्वाचा. वायरीचे सुटे बोंड छातीवर लोंबकळत राही. आपले नवे बोंड कांद्याच्या वाफ्यात पडते. ओल्या मातीत, रात्री अकराला, कांद्याच्या रोपांमध्ये पांढरे बोंड शोधण्याचा अनुभव आपल्या डिझाईन विभागाने एकदा जरूर घ्यावा. बॅटरी गावातून मिळेल.

दुरुस्तीचे विचारू नये. जुना इयरफोन एका कानाने बहिरा झाला की पिनेजवळची वायर सोलायची, डाग मारायचा, वर चिकटपट्टी गुंडाळायची. चार दिवस अंगठ्याने दाबून ऐकायचे, मग परत डाग. वस्तू उकलून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिटने अ‍ॅपलचे पहिले बिनवायरी एअरपॉड उकलून पाहिले आणि दुरुस्तीसाठी १० पैकी शून्य गुण दिले. सगळे डिंकाने बंद, आतला सेल थकला की वस्तू संपली.

सगळेच असे वागतात असे नाही. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हेडफोन १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातो आणि मिटून मुठीत येतो. उलट सोनीचा १०००एक्सएम४ छान मिटत होता, तर २०२२ च्या एक्सएम५ मध्ये घडीच काढून टाकली आणि डबा मोठा केला. तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, एक्सएम६ आला. त्याचे नवे वैशिष्ट्य काय? तो मिटतो!

शेवटी गावाची थोडी ओळख. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेले प्रकरण इथून सुरू झाले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्या रोख्यांवर वाचता न येणाऱ्या मजकुराखाली अंगठे उठवलेले होते. आपले बोंड सुरू करण्याआधी फोनवर चाळीस पडद्यांचा करार येतो आणि त्याखाली ‘मान्य आहे’ या बटणावर दाबायलाही अंगठाच लागतो. हा मजकूर धमकी समजू नये, केवळ स्थानिक माहिती समजावी.

तरी मेहेरबान साहेबांनी अर्जाचा सहानुभूतीने विचार करून वायर, भोक व घडी पूर्ववत करावी, ही विनंती. सोबत जुन्या इयरफोनची पिन, तीन डागांसह, पुराव्यादाखल जोडली आहे. पाहून झाल्यावर ती परत पाठवावी, अजून चालते.